आधी पाणी, मग काडी

आमच्या मागीलदारी जांभ्याच्या चौथऱ्यावर आंघोळीचं पाणी तापवायचा तांब्याचा बंब उभा आहे. सासूबाईंच्या सासूबाईंबरोबर तो घरात आला असं सांगतात. खरंखोटं देव जाणे, पण अंगावरचं मठारकाम, म्हणजे हातोडीचे ठोके, अजून बोटाला लागतं. मी सांगलीकडून लग्न होऊन दापोली तालुक्यात आले तेव्हा तो रोज पेटायचा. पुढे गीझर आला आणि बंबाची रवानगी माळ्यावर झाली.

मग ३ जून २०२०ला, मृगाच्या चार दिवस आधी, निसर्ग चक्रीवादळ आलं. अर्ध्या घराची कौलं गेली, पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या, आणि वाडीत वीज परत आली ती बेचाळीस दिवसांनी. चौथ्या दिवशी भाऊजींनी माळ्यावर चढून बंब खाली काढला. आत उंदराचं घर होतं. तेव्हापासून तो परत वर गेलेला नाही.

आता गावाकडची घरं दुरुस्त करणारी पुण्यामुंबईची मंडळी येतात, बंबाचे फोटो काढतात, आणि मग विचारतात, "वहिनी, हा चालवायचा कसा?" दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहूनच काढलं.

बंबाची रचना अगदी साधी आहे. बाहेर पाण्याचं पिंप, आणि त्याच्या पोटातून खालपासून वरपर्यंत गेलेली एक नळी. नळीच्या तळाशी जाळी, जाळीखाली तीन पायांमधली मोकळी जागा, तिथे राखेचं ताट. लाकूड वरून नळीत टाकायचं, ते जाळीवर जळतं, खालून वारा ओढून घेतं आणि धूर त्याच नळीतून वर जातो. म्हणजे चूल आणि धुराडं एकच, आणि त्याच्या चहूबाजूंनी पाणी. आमच्या बंबात तीन बादल्या, म्हणजे साधारण चाळीस लिटर पाणी मावतं. तोटी खाली, बुडापासून चार बोटांवर. पाणी ओतायचं तोंड वर कडेला, त्यावर सैल झाकण.

हे झाकण सैलच असायला हवं. पाणी उकळलं की वाफेला तीच एक वाट. एका ओळखीच्या घरी पालीबिली पडतात म्हणून झाकण तारेने आवळून ठेवलेलं पाहिलं आणि मी तिथेच पक्कड मागितली. हल्ली स्टीलचे बंब मिळतात, त्यात गार पाण्याची नळी तळापर्यंत जाते आणि गरम पाण्याची तोटी वर असते. जितकं गार ओतावं तितकंच गरम बाहेर, त्यामुळे तो कधी रिकामा होत नाही. सोय चांगली आहे. पण प्लंबरच्या सांगण्यावरून लोक तो थेट गच्चीवरच्या टाकीला जोडतात आणि दोन्हीकडे चाव्या बसवतात. दोन्ही चाव्या बंद आणि खाली जाळ, म्हणजे घरात बॉम्ब. वाफ सुटायला एक उघडी वाट कायम हवी, आणि तिच्यावर चावी नको.

जागेचं म्हणाल तर मागीलदार, पडवीची उघडी बाजू, अंगणाचा कोपरा, कुठेही चालेल. न्हाणीघराच्या आत मात्र नको. थंडीत गरम गरम वाटतं म्हणून दार लावून आत बंब पेटवणारे लोक आहेत. धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो, त्यामुळे माणूस सावध होतो. निखाऱ्यांमधून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसतही नाही आणि त्याला वासही नाही. धूर थांबला, आता फक्त निखारे आहेत, तेव्हाच तो जास्त घातकी. बंब बाहेर ठेवा आणि पाणी बादलीने आत न्या. चौथरा सपाट हवा, आजूबाजूला हातभर अंतरात चुडतं (माडाच्या वाळक्या झावळ्या), पोती, प्लास्टिकचे पाइप काही नको, आणि वर विणलेल्या झावळ्यांच्या झापांचं छप्पर असेल तर नळीच्या तोंडापासून ते पुरुषभर उंच तरी असावं.

आता मुख्य गोष्ट. सासूबाईंचं एकच वाक्य होतं, "आधी पाणी, मग काडी." मला वाटायचं, एवढं काय त्यात सांगायचं? दोन वर्षांपूर्वी गणपतीला आलेल्या पुतण्याने ते दाखवून दिलं. घरात बारा माणसं, आंघोळी चाललेल्या. शेवटच्याने तोटीतून येईल तेवढं पाणी काढून घेतलं होतं. हा हौशीने पुढे झाला, नळीत निखारे आहेतच तर अजून चार ढलप्या टाकू म्हणाला. दहा मिनिटांनी मागून ठण्ण आवाज आला. जाऊन बघते तर तोटी खाली फरशीवर पडलेली, आणि भोकाच्या कडेला चांदीसारखा एक थेंब थिजलेला.

झालं असं की तोटी बसवलेली असते ती डाख लावून. डाख म्हणजे कथील आणि शिसं, ते दोनशे अंशांच्या आतच वितळायला लागतं. बंबात पाणी आहे तोवर तांबं शंभराच्या फार वर जात नाही, पाणी सगळी ऊब पिऊन टाकतं. पाणी संपलं की तेच तांबं बघता बघता तापतं आणि पहिला जातो तो डाख. जाळाने बंब बिघडत नाही, कोरडा पेटवला तर बिघडतो.

म्हणून रोज काडी ओढण्याआधी बोटाच्या पेराने बंबाला टकटक करायची सवय लावून घ्या. भरलेल्या जागी आवाज बद्द येतो, रिकाम्या जागी खणखणीत. वरून खाली टकटक करत आलात की पाणी कुठवर आहे ते कळतं. विश्वास नसेल तर झाकण उचलून काठी बुडवा. घरात पाहुणे असतील तर बंबाजवळ भरलेली बादली ठेवून नियमच करायचा, की जो एक बादली गरम काढेल त्याने एक बादली गार ओतायची.

आणि चुकून कोरडा पेटलाच तर? पहिला मोह होतो तो पाणी ओतायचा. ओतू नका. तापलेल्या तांब्यावर गार पाणी पडलं की वाफेचा लोट तोंडावर येतो आणि सांधे तडकतात. खालून सळईने जाळी हलवून निखारे ताटात पाडा, ताट चिमट्याने बाजूला ओढा, आणि बंबाला हात न लावता तासभर सोडून द्या.

लाकडाबद्दल मला बरंच बोलायचं आहे, कारण पन्नास टक्के तक्रारी तिथल्या असतात. धूर फार होतो, पेटत नाही, नळी डांबरासारखी चिकट झाली, या सगळ्याला एकच कारण, ओलं लाकूड. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळपास निम्मं वजन पाण्याचं असतं. ते आधी उकळून जाणार, मग लाकूड जळणार. तुम्ही बंबातलं पाणी तापवायचं सोडून लाकडातलं तापवत बसता. मी दर वर्षी डिसेंबरात फोडलेला एक ओंडका खुणेला बाजूला ठेवते आणि काट्यावर टाकते. गेल्या खेपेला आंब्याचा होता, डिसेंबरात दोन किलो तीनशे, मे महिन्यात एक किलो चारशे. नऊशे ग्रॅम नुसतं पाणी गेलं. काटा नसेल तर दोन तुकडे एकमेकांवर आपटा. वाळलेले टणटण वाजतात, ओले धप्प बोलतात. टोकाला चक्राच्या आऱ्यांसारख्या भेगा दिसल्या आणि साल हाताने सुटली की लाकूड तयार.

वादळानंतर आमच्या मागे आंब्याचे तीन, फणसाचा एक आणि माड-पोफळी मिळून किती तरी झाडं पडली होती. लाकडाचे डोंगर आणि पेटवायला एक काटकी नाही, अशी अवस्था. त्या बेचाळीस दिवसांत आम्ही मोडलेल्या छपराचे वासे आणि माळ्यावरच्या जुन्या करवंट्या जाळल्या. पडलेली लाकडं फोडून, जांभ्याच्या चिऱ्यांवर रचून ठेवली, ती पुढची तीन वर्षं पुरली. उभं झाड तोडायचं असेल तर मात्र जरा थांबा. आंबा, फणस, ऐन, किंजळ ही झाडं स्वतःच्या बागेतली असली तरी तोडायला परवानगी लागते, १९६४ सालापासूनचा कायदा आहे. छाटलेल्या फांद्या बंबाला भरपूर होतात.

फोडायची ती वीतभर लांब आणि मनगटापेक्षा बारीक. पुण्यात वखारीत याच मापाच्या लाकडाला बंबफोड म्हणतात, शब्दातच सगळं आलं. नळी अरुंद असते, लांब तुकडा तिरका अडकतो आणि मग वारा कोंडतो. फोडायचं काम थंडीत करावं, लाकूडही बरं फुटतं आणि माणसालाही बरं. गाठ आली की कुऱ्हाडीशी भांडू नका, पाचर मारा किंवा तो तुकडा होळीला ठेवा.

कुठलं लाकूड चांगलं? माहेरी बाभूळच, तिच्या निखाऱ्याला तोड नाही. इकडे ऐन आणि किंजळ टिकाऊ जळतात, सुरू लवकर पेटतो आणि धग चांगली देतो, आंबा मध्यम. पांगारा, सावर, शेवगा यांच्यावर घाम गाळू नका, कागदासारखे जळून जातात. करवंटी मात्र हुकमी. पाहुणे दारात आहेत आणि पाणी गार आहे, अशा वेळी आठ-दहा करवंट्या टाकाव्यात. पण नुसत्या करवंट्यांवर रोज बंब चालवू नका, जाळ इतका कडक होतो की जाळी लवकर गळते. बांबू टाकायचा तर पेरं चिरून, नाहीतर आतली हवा तापून पेर फुटतं आणि ठिणग्या वर उडतात.

न जाळायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण पक्क्या लक्षात ठेवा. कण्हेरीची फांदी अजिबात नको, तिचा धूरसुद्धा विषारी. काजूची टरफलं फुकट मिळतात आणि भडकतातही झकास, पण त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांत आणि कातडीवर जातो. कारखान्याच्या भट्टीची गोष्ट वेगळी, मागीलदारी नको. रंग दिलेली फळी, प्लायवूड, आणि ती आपल्याकडची लाडकी सवय, पेटवायला दुधाची पिशवी, हेही नको. प्लास्टिक वितळून जाळीच्या भोकांत बसतं, ते काढताना नाकी नऊ येतात, आणि तो धूर घेणारे आपणच.

पेटवणं सोपं आहे. आदल्या दिवशीची राख खाली झाडून घ्या, पण सगळी नको, जाळीवर पातळसा थर राहू दे. नळीत आधी नारळाच्या सोडणाच्या शेंड्या पिंजून टाका, त्यावर चुडताचे हीर किंवा पोफळीच्या विरीचे (पानाच्या देठाकडच्या आवरणाचे) तुकडे, मग बोटाएवढ्या काटक्या. मोठं लाकूड अजून नाही. मग खालून, जाळीखाली, पेटता कागद धरा. वारा वर ओढला जातो, जाळ आपोआप चढतो. कापराची एक वडी जाळीवर ठेवली तर पावसाळ्यातही फसत नाही. फुंकणी बंबाला लागत नाही. लागत असेल तर लाकूड ओलं आहे किंवा जाळी बुजली आहे. जाळ धडधडायला लागला, घुमल्यासारखा आवाज आला, की पहिले दोन तुकडे टाका.

आता एक गंमत. पेटवल्यावर पाचेक मिनिटांत आतून थेंब पडायला लागतात, निखाऱ्यावर चुर्र, चुर्र. नवखा माणूस घाबरतो, बंब गळतो म्हणून आग विझवतो. गळत नाही. लाकूड जळताना जी वाफ निघते ती नळीच्या गार तांब्यावर आपटून पाणी होते, गार पेल्याला बाहेरून घाम येतो तसंच. सासूबाई म्हणायच्या, बंब रडतोय. पाणी कोमट झालं की रडणं थांबतं. त्यानंतरही चुर्र चालूच राहिलं तर मात्र खरी गळती, मग कारागीर शोधा.

लाकूड एकदम कोंबायचं नाही. दोन-तीन तुकडे, ते निखारा झाले की पुढचे दोन. चाळीस लिटर आंघोळीपुरतं तापायला आमच्याकडे अर्धा-पाऊण तास आणि दीड किलो कोरडं लाकूड लागतं. तेवढ्याच पाण्याला गीझर जवळपास दोन युनिट खातो. लाकडाच्या उबेतली दोन तृतीयांश धुराबरोबर वर निघून जाते, ते बंबात धरूनच चालायचं. विकतच्या लाकडावर हिशेब जुळेल असं मी म्हणणार नाही, आमचं परसातलं आहे म्हणून जुळतो. उन्हाळ्यात आमचाही बंब बंदच असतो.

हात लावून पाणी बघायचं ते तोटीखाली नाही. गरम पाणी वर चढतं, तोटी खाली, तिथून पहिली तपेलीभर कोमटच येतं. लोक अजून लाकूड टाकतात आणि वर पाणी खदखदत असतं. पहिली तपेली काढून परत वरून ओता, मग अंदाज घ्या. बादलीत आधी गार, मग गरम. घरात लहान मूल असेल तर यात हयगय नको.

शेवटची बादली निघण्याआधी अर्धा तास लाकूड टाकणं थांबवा. निखाऱ्यांवर उरलेलं पाणी तापतं, आणि संपताना बंबात बादलीभर तरी पाणी ठेवा. विझवायला वरून पाणी ओतू नका, जाळी तडकते. नळीवर पत्र्याचं झाकण ठेवलं की जाळ आपोआप बसतो.

राखेवर विश्वास ठेवू नका. वरून पांढरी, गार दिसते आणि मध्ये निखारा दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असतो. शेजारच्या वाडीत एकाने संध्याकाळची राख गोठ्यामागे टाकली, पहाटे वैरणीची उडवी पेटली. लोखंडी घमेल्यात काढा, झाकण ठेवा, एक दिवस जाऊ द्या. मग ती माडाच्या आळ्यात घाला, पालाश मिळतं. आम्ही कडव्या वालांच्या बियाण्यालाही चाळलेली राख लावतो. ओल्या हाताने राख उपसू नका, कातडी सोलते.

आठवड्यातून एकदा, बंब गार असताना, हिराच्या केरसुणीला लांब काठी बांधून नळी वरून खाली घासा. काजळीचा थर असला की जाळ कितीही करा, ऊब पाण्यापर्यंत पोचत नाही. काजळी कोरडी, भुसभुशीत पडली तर लाकूड चांगलं. चकचकीत, चिकट निघाली तर लाकूड ओलं. आणि ती वेळेवर काढली नाही तर एक दिवस नळीच्या आत पेटते, वर हातभर ज्वाळा येते. जाळीची भोकं सळईने मोकळी करा.

आतून साफ करायचं ते पाण्यावर अवलंबून. माहेरी बोअरचं पाणी, वर्षाला बोटभर पांढरा थर. इथे जांभ्यातली विहीर, क्षार कमी पण तांबडा गाळ बसतो. तो दर महिन्याला बंब आडवा करून खळखळून टाकते. क्षारांना आमसुलाचं किंवा चिंचेचं दाट पाणी रात्रभर ठेवावं. संडास धुण्याचं ॲसिड कुणी सुचवेल. ते क्षार खातं, मग तांबं खातं, मग डाख खातं. बाहेरून चिंच, मीठ आणि राख पुरेशी. काहीजण रोज चकाकी काढतात. मी दिवाळीला आणि गणपतीला. हे पाणी प्यायला किंवा चहाला मात्र घेऊ नका, डाखात शिसं असतं.

पुतण्याच्या प्रतापानंतर भाऊजी बंब एसटीत घालून पुण्याला तांबट आळीत घेऊन गेले. कंडक्टरने त्याचं अर्धं तिकीट लावलं. तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने तोटीचं भोक पाहिलं आणि मान वर न करता विचारलं, "पाणी नव्हतं ना?" त्याने सांगितलेलं जुना बंब घेताना कामाला येईल. तोटीच्या मुळाशी करडा डाग म्हणजे पूर्वी डाख लावलेला, त्यात वाईट काही नाही. पण नळीचं तांबं खालच्या वीतभरात अंगठ्याने दाबलं आणि दबलं, तर बंब घेऊ नका, तिथे पत्रा झिजलेला असतो. पाणी भरून रात्रभर कोरड्या पोत्यावर उभा ठेवा आणि सकाळी पोतं बघा. जाळी वेगळी निघते का ते बघा, कारण ती सहा-सात वर्षांनी बदलावीच लागते. आम्ही लोहाराकडून बिडाची बसवून घेतली.

अक्षय्य तृतीयेच्या आसपास आमची लाकडं पडवीत चढतात. खाली चिरे, वर फळ्या, भिंतीपासून चार बोटं सोडून, टोकं वाऱ्याकडे. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, ही बेगमी झाली की त्यातला एक ढीग वेगळा, स्वयंपाकघराच्या दाराशी, पोत्याखाली: करवंट्या, शेंड्या, नारळाच्या पोयीचे (फुलोऱ्यावरच्या वाळक्या आवरणाचे) तुकडे. यंदा तिथे मांजर व्यायली आहे. म्हणून सध्या कापरावर भागवतो आहोत.